द्रुत सुरू झाली की सुई का चरचरते

ख्यालाची एलपी पहिल्या मिनिटाला जितकी गोड वाजते तितकी विसाव्या मिनिटाला वाजत नाही, आणि यात गवयाची काही चूक नसते. बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. काठाशी खोबणीची त्रिज्या साधारण १४.६ सेंटीमीटर असते, म्हणजे सुईखालून सेकंदाला ५१ सेंटीमीटर खोबण सरकते. लेबलाजवळ त्रिज्या ६ सेंटीमीटरवर येते आणि हाच आकडा २१ वर घसरतो. तेवढाच स्वर आता निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. आपला राग मात्र शेवटाकडे चढत जातो. विलंबितला ऐसपैस जागा मिळते. तानांचा पाऊस आणि तबल्याची किनार नेमकी अडचणीच्या गल्लीत येते. त्यातून कंपनीने एका बाजूवर पंचवीस मिनिटं बसवली असतील तर खोबणी आणखी बारीक, आवाज आणखी दबका.

फाइलला ही अडचण नाही. पहिली आलापी आणि शेवटची तिहाई तिला सारखीच. फाइलची दुखणी वेगळी आहेत, त्यांच्याकडे येऊच. घरात दोन्ही असेल तर ‘अ‍ॅनालॉग भारी की डिजिटल’ हा वाद घालण्यापूर्वी दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरला नीट जोडावं, दोघांचा ‘सा’ आणि दोघांचा आवाज एका पातळीवर आणावा. माझ्या मते निम्मे वाद तिथेच मिटतात.

जोडणी

रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेली, तिच्या थरथरीची वीज करणारी डबी) जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट बाहेर पडतात. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार मुद्दाम जास्त केलेली असते, नाहीतर खर्जाच्या रुंद लाटांनी शेजारची खोबण खाल्ली असती. या घट-वाढीच्या ठरलेल्या मापाला आरआयएए वक्र म्हणतात, तो १९५४ पासून रूढ आहे. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल घट आणि २० किलोहर्ट्झला तितकीच वाढ. फोनो प्रीॲम्पची कामं दोन: आवाज ४० डेसिबलने, म्हणजे शंभर पटीने वाढवायचा, आणि हा वक्र उलटा करून सरळ करायचा.

हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलांत फोनो प्रीॲम्प आतच असतो आणि मागे ‘फोनो / लाइन’ असं बटण असतं. सगळा घोळ या बटणापाशी होतो. बटण ‘लाइन’वर आणि वायर ॲम्पच्या ‘फोनो’ सॉकेटात, म्हणजे दोनदा प्रवर्धन: आवाज फाटतो, खर्ज ढब्ब होतो. बटण ‘फोनो’वर आणि वायर ‘ऑक्स’ या साध्या लाइन सॉकेटात, म्हणजे एकदाही नाही: आवाज डबीतून आल्यासारखा पातळ, व्हॉल्यूम पूर्ण उघडला तरी कुजबुज. पहिली चूक स्पीकरला महागात पडू शकते, म्हणून जोडणी बदलताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवायचा.

फोनोची वायर एक मीटरच्या आत ठेवा. वायरला स्वतःची कपॅसिटन्स असते, मीटरला शंभर-दीडशे पिकोफॅरड तरी. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतल्या कार्ट्रिजना एकूण १०० ते २०० पिकोफॅरड मानवतात. तीन मीटर वायर ओढली की दहा-बारा किलोहर्ट्झपाशी उंचवटा येतो आणि ‘स’, ‘श’ टोचायला लागतात. लांब न्यायचीच असेल तर प्रीॲम्पच्या पुढची वायर लांब न्या.

डिजिटल बाजू त्यामानाने सोपी. जुना लॅपटॉप, फोन किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्याला यूएसबी डॅक (फाइलच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी पेटी), आणि डॅकच्या दोन आरसीए वायरी ‘ऑक्स’मध्ये. ब्लूटूथ टाळा असं म्हणणार नाही, बातम्या आणि पॉडकास्टला ते उत्तम आहे. पण ब्लूटूथवर आवाज आक्रसून पाठवणाऱ्या नेहमीच्या एसबीसी कोडेकची मजल सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटच्या आसपास संपते आणि तानपुऱ्याची जवारी त्यात पहिली बोथट होते. कार्यक्रम वेगवेगळ्या ट्रॅकांत तोडलेला असेल तर प्लेअरमध्ये ‘गॅपलेस’ चालू आहे ना पाहा. विलंबितची सम आणि द्रुतचा मुखडा यांच्यात अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला की सगळी बैठक मोडते.

घरघर

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. सखल, गोलसर गुणगुण येत असेल तर ती ५० हर्ट्झची. टर्नटेबलमागची बारीक हिरवी किंवा काळी अर्थ वायर प्रीॲम्पच्या ‘जीएनडी’ स्क्रूला लावलेली नसते किंवा सैल असते. कार्ट्रिज ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी वर आला तरी हाच आवाज. तपासायला सोपं: टोनआर्म (सुई धरणारा दांडा) हाताने उचलून तबकडीवर इकडून तिकडे न्या, गुणगुण जागेनुसार बदलली तर ट्रान्सफॉर्मरची, नाही बदलली तर अर्थची. करकरीत, माशीसारखी भणभण मात्र १०० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते, आणि ती बहुतेकदा डिजिटल बाजूने शिरते. लॅपटॉप चार्जरवर, ॲम्प दुसऱ्या सॉकेटवर, दोन्हींचं अर्थिंग दोन वाटांनी एकत्र येतं आणि फेरा पूर्ण होतो. चार्जर काढून बघा. भणभण थांबली तर सगळी उपकरणं एकाच स्पाइक बोर्डवर घ्या.

थ्री-पिनची अर्थची पिन मोडून घरघर घालवणारे महाभाग अजून आहेत. घरघर जाते, पण धातूच्या पेटीला हात लावणाराही एखाद दिवशी जाईल.

पाया

टर्नटेबल आणि स्पीकर एकाच शोकेसवर ठेवू नयेत. आपल्या इमारतींची काँक्रीटची जमीन हलत नाही, पण प्लायवूडचा शोकेस ढोलासारखा वाजतो. स्पीकरचा खर्ज फळीतून सुईत, सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये. व्हॉल्यूम वाढवला की हुंकार सुरू होतो. कडप्प्याचा तुकडा कामाला येतो. ओट्याचं काम करणाऱ्याकडे ४५ बाय ३५ सेंटीमीटरचा, दोन सेंटीमीटर जाडीचा उरलेला तुकडा मिळतो. वजन साधारण साडेआठ किलो. कडा घासून घ्या, खाली चार कोपऱ्यांना वॉशिंग मशीनखाली घालतात तसले रबरी पॅड लावा, वर टर्नटेबल. मग स्पिरिट लेव्हल तबकडीवर ठेवून दोन्ही दिशांनी सपाटी पाहा.

सुई

सुरुवातीला सांगितलेल्या चरचरीचा इलाज इथे आहे. टोनआर्मचं वजन लावताना सुईचं झाकण काढा, अँटी-स्केट (आर्मला आत खेचणारा जोर तोलणारी सोय) शून्यावर ठेवा, मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असं करा. आता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा, वजनाला हात न लावता. त्यानंतर वजन आणि चकती दोन्ही एकत्र फिरवत, व्हीएम९५ई (मालिकेतली साध्या लंबगोल सुईची) असेल तर २ ग्रॅमवर. अँटी-स्केटही २. बऱ्याच जणांची चूक इथे होते: नुसती चकतीच २ वर फिरवतात, मग आर्म तरंगतच राहतो आणि सुई रेकॉर्डवरून घसरत जाते. सुईचा दाब मोजणारा डिजिटल काटा घेतला तर शंका उरत नाही.

वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज फार जुना आहे. हलकी सुई तानेच्या वळणावर खोबणीची भिंत सोडते आणि परत आदळते. भिंत खरवडली जाते ती त्या आदळण्याने. व्हीएम९५ई साठी १.८ ते २.२ ग्रॅम ही मर्यादा दिली आहे. शेवटची पाच मिनिटं फाटत असतील तर २.१ करून बघा, १.८ नको.

तरीही फाटतंय? मग कार्ट्रिज हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाच्या पट्टीत) वाकडं बसलेलं असू शकतं. प्रोट्रॅक्टरची (कार्ट्रिजचा कोन जुळवायच्या नकाशाची) शीट नेटवरून छापून घेता येते, पण छापताना १०० टक्के आकार हवा; ‘पानात बसवा’ हा पर्याय चुकून राहिला तर सगळं मोजमाप गेलं. मधल्या स्पिंडलच्या केंद्रापासून दोन ठिपके ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर आहेत का ते पट्टीने मोजा. हेडशेलचे दोन स्क्रू किंचित सैल करा, सुईचं टोक एका ठिपक्यावर टेकवा, कार्ट्रिजच्या कडा शीटवरच्या रेघांना समांतर आहेत का वरून पाहा, मग दुसऱ्या ठिपक्यावर. दोन्हीकडे जुळेपर्यंत कार्ट्रिज पुढेमागे सरकवत राहायचं. अर्धा तास जातो, घाम येतो, पंखा बंद ठेवावा लागतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे सुईचा घाट. साधी लंबगोल सुई खोबणीला जिथे टेकते तो भाग जाड असतो, आतल्या दाटीत तो मावत नाही. मायक्रोलिनिअर घाटाची सुई बारीक धारेने टेकते. व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज तेच ठेवून पुढची सुई तेवढी ओढून काढता येते आणि दुसरी लावता येते. किंमत जवळजवळ तिप्पट, पण ज्यांच्याकडे ख्यालाच्या लांब बाजूंच्या एलपी आहेत त्यांनी खर्च करायचाच झाला तर तो वायरींवर न करता इथे करावा. साध्या सुईचं आयुष्य ३०० ते ५०० तास. रोज एक तास ऐकणाऱ्याने वर्ष-दीड वर्षात बदलावी.

जुन्या सुटकेस-प्लेअरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजच्या सुईचा दाब पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक असतो. तो शोभेला आणि आठवणीला ठीक, नवी कोरी एलपी त्यावर चढवू नका. चोरबाजारात मिळणाऱ्या रेकॉर्डी दिसायला चकचकीत असूनही खरखरतात, त्यातल्या कित्येक अशाच प्लेअरवर झिजलेल्या असतात. उजेडात तिरकी धरून बघा: खोबणी काळ्या तुळतुळीतच्या ऐवजी राखाडी दिसल्या तर ती झीज आहे, धुऊन जाणार नाही.

सा

रेकॉर्ड आणि फाइल एकामागोमाग लावली आणि गायकाची पट्टीच वेगळी वाटली, तर कानावर शंका घेऊ नका. एक अर्धस्वर म्हणजे वेगात ५.९ टक्के फरक. टर्नटेबल सहा टक्के जोरात धावलं तर काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. दोन टक्क्यांचा फरक नुसता ऐकून कळत नाही, सोबत तानपुरा ॲप लावलं की लगेच सुरात खटकतं.

वेग तपासायला स्ट्रोब चकती छापा (दिव्याच्या लुकलुकीत वेग बरोबर असला की तिच्या रेघा स्थिर दिसतात): ५० हर्ट्झसाठी ३३⅓ ला १८० रेघा. अमेरिकन साइटवरची चकती २१६ रेघांची असते, ती इथे चुकीची. एलईडी दिव्यात रेघा स्थिर दिसतीलच असं नाही, कारण बरेच एलईडी लुकलुकत नाहीत. जुना पिवळा बल्ब वापरा. काही डीसी मोटरच्या टर्नटेबलांना तळाशी दोन बारीक भोकं असतात, आत ३३ आणि ४५ चे स्क्रू. चिमटीभर फिरवायचं आणि पुन्हा बघायचं. पट्टा ताणून सैल झाला असेल तर स्क्रूने काही होत नाही, पट्टाच बदला.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने सामानातून आणलेलं जुनं टर्नटेबल हा वेगळाच मामला. ते १२० व्होल्टचं, म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावतात. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, ६० हर्ट्झ आणत नाही. एसी सिंक्रोनस (विजेच्या हर्ट्झप्रमाणे फिरणारी) मोटर असेल तर ती पाच-षष्ठांश वेगाने फिरते: ३३⅓ च्या जागी २७.८. काळी एक घसरून खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली जाते. सोपा उपाय म्हणजे मोटरवरची पुली वीस टक्के मोठ्या व्यासाची बसवणं. क्वार्ट्झ-लॉक डायरेक्ट ड्राइव्ह (स्फटिकाने वेग बांधलेलं, पट्ट्याविना फिरणारं) किंवा डीसी ॲडॉप्टरवरचं असेल तर हा त्रास नाही.

सारखा आवाज

दोन आवाजांत एक डेसिबलचा जरी फरक असला तरी मोठा असलेला ‘जास्त मोकळा’ वाटतो. डॅक कमाल २ व्होल्ट देतो आणि नव्याने मास्टर केलेली फाइल त्या कमालीला चिकटून असते; फोनोतून ०.४ व्होल्टच्या आसपास येतं, लांब बाजूच्या रेकॉर्डवर त्याहून कमी. स्विच फिरवला की सहा ते दहा डेसिबलची उडी बसते आणि सगळे म्हणतात, ‘बघा, डिजिटलला दम आहे.’ तुलना करायची तर एकच गायन दोन्हीकडे लावा, आपल्या बसण्याच्या जागी फोनवर ध्वनिपातळीचं ॲप ठेवा. सुरुवातीचा तानपुरा ही आयती चाचणीची पट्टी आहे, तो अखंड आणि एकसारखा वाजतो. दोन्हीकडे आकडा जुळेपर्यंत प्लेअरमधला डिजिटल व्हॉल्यूम खाली आणा. १२ डेसिबल कमी केले तरी २४ बिटांतले दोनच जातात, काही बिघडत नाही. स्ट्रीमिंग ॲपमध्ये ‘नॉर्मलाइज’चा पर्याय असेल तर चालू ठेवा, पण ‘लाउड’वर नको.

इतकं केल्यावर जे ऐकू येतं ते असं: विलंबितमध्ये चांगली रेकॉर्ड आणि चांगली फाइल यांत निवड करणं कठीण, द्रुतमध्ये फाइल सरस, आणि नव्याने मास्टर करताना कोणी आवाज दाबून सपाट केला असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेकॉर्ड सरस.

धुणं आणि पावसाळा

७५० मिली डीमिनरलाइज्ड पाणी (गॅरेजमध्ये ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळतं ते; ॲसिड नव्हे, बाटली वाचून घ्या), २५० मिली ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि भांड्यांच्या साबणाचा अर्धा थेंब. अल्कोहोल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. लेबलावर प्लास्टिकचं झाकण दाबून धरा, मायक्रोफायबरने खोबणीच्या दिशेने गोल पुसा, मग नुसत्या पाण्याने पुन्हा, नाहीतर साबणाचा थर सुईवर गोळा होतो. उभी ठेवून वाळवा.

हे मिश्रण ७८ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डला लावाल तर रेकॉर्ड संपली. ती लाखेची असते आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. तिला फक्त पाणी आणि साबणाचा थेंब, लगेच कोरडी.

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये रेकॉर्डवर पांढरी बुरशी धरते, तिचं मूळ कागदी पाकिटात असतं. पाकीट बदला, उभ्या रांगेत ठेवा, कपाटात सिलिका जेल टाका. विदर्भात उलटं: एप्रिलमधली कोरडी हवा आणि स्थिर वीज. तिथे कार्बन फायबर ब्रश आणि जवळ पाण्याचं भांडं पुरतं.

७८ ची वेगळी सुई

एलपीची सुई १८ मायक्रॉनची, ७८ ची खोबण ७६ मायक्रॉनच्या सुईसाठी केलेली. बारीक सुई खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर उचलते. व्हीएम९५ला ७८ साठीची सुई मिळते, वजन ५ ग्रॅम. आणि ‘७८’ हा आकडा फार मनावर घेऊ नका: १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण येण्याआधीच्या तबकड्या ७० पासून ८२ पर्यंत कुठल्याही वेगाने कापलेल्या सापडतात. ७४ ची तबकडी ७८ ने वाजवली की आवाज जवळजवळ एक अर्धस्वर वर चढतो. बालगंधर्वांच्या काळच्या नाट्यपदांची फाइल नेटवर कधी कधी किनरी ऐकू येते त्यामागे हे एक कारण असू शकतं. पेटीची स्वरपट्टी आणि गाण्याचा स्वाभाविक पोत जुळेल तो वेग खरा.

रेकॉर्डची फाइल करताना

ॲम्पच्या ‘रेक आउट’मधून ऑडिओ इंटरफेसच्या लाइन-इनमध्ये. लॅपटॉप बॅटरीवर. ऑडॅसिटी या मोफत ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ; ऐकायला ४८ पुरे, पण ९६ वर खरखरीचे टिचके टोकदार दिसतात आणि काढायला सोपे जातात. वीस मिनिटांची बाजू साधारण ६९० मेगाबाइट होते. पातळी ठरवताना सुरुवातीचा आलाप लावून ठरवू नका, शेवटची तिहाई लावा आणि टोक −६ डेसिबलवर बसवा.

नॉइज रिडक्शनला नमुना द्यावा लागतो. गाण्याआधीच्या कोऱ्या खोबणीचे दोन-तीन सेकंद निवडा. तानपुरा सुरू झाल्यानंतरचा तुकडा दिलात तर सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाच कचरा समजतं आणि अख्ख्या गायनातून जवारी पुसून टाकतं. सहा डेसिबलच्या वर जाऊ नका, नाहीतर आवाजाभोवती पाण्याचे बुडबुडे फुटल्यासारखे ऐकू येतात. क्लिक रिमूव्हलचं तसंच: तबल्याच्या ‘ना’ची आणि संतूरच्या आघाताची सुरुवात त्याला टिचक्यासारखीच दिसते. संपूर्ण बाजूवर न चालवता मोठे टिचके हाताने निवडून काढा. मोटरची खोल धडधड घालवायला खालचे सूर छाटणारा फिल्टर लावाल तो २५ हर्ट्झला, ८० ला नव्हे. डग्ग्याची मींड तिथेच कुठेतरी राहते. मोनो रेकॉर्ड असेल तर दोन्ही चॅनल मिसळून एक करा, सुईच्या वर-खाली हलण्याने येणारी खरखर आपोआप वजा होते.

कॅसेटसाठी आणखी एकच गोष्ट, पण ती केल्याशिवाय बाकी काही करू नये. हेड अल्कोहोलने पुसा, मग हेडशेजारचा ॲझिमथचा (हेडचा टेपशी असलेला कोन बदलणारा) छोटा स्क्रू कॅसेट वाजत असताना मोनोमध्ये ऐकत पाव फेरा इकडेतिकडे करा. जिथे ‘स’ आणि तबल्याची किनार सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असते, म्हणून दर वेळी.

मूळ कच्ची फाइल काहीही न करता फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आकार कमी करणारा प्रकार) वेगळी ठेवा, आणि नावात बाजू, तारीख, वेग यांच्याबरोबर सुई कोणती होती तेही लिहा. पुढे मायक्रोलिनिअर सुई घेतलीत तर अख्खी बाजू पुन्हा भरायची गरज पडणार नाही; लेबलाजवळची शेवटची सात-आठ मिनिटं तेवढी भरून समेवर जोडली तरी चालतात.